छाटणीच्या तारखेतली थंडी

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे. कडाक्याच्या थंडीत तिथं वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पांढऱ्या पडलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांचा फोटो येतो. तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आहेत. एप्रिलात पारा चाळिशीला टेकणारा, वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर भागवणारा हा मुलूख. द्राक्षवेल जातीनं समशीतोष्ण हवेतली. मोझेलचं खोरं, शॅम्पेन, बर्गंडी इथली जगातली नावाजलेली द्राक्षं जेमतेम पिकण्याइतक्या उबेत वाढतात. तरी आपल्याकडं द्राक्ष गेलं तासगावला आणि महाबळेश्वरनं धरली स्ट्रॉबेरी. अधूनमधून कुणीतरी हौशी माणूस विचारतोच, की पाचगणीला चार एकर घेऊन थंड हवेची द्राक्षबाग लावली तर? वाइनच्या द्राक्षाची? प्रश्न वेडगळ नाही. फक्त त्याचं उत्तर उंचीत शोधायला गेलं की वाट चुकते.

आधी ‘थंड हवा’ मोजायची कशी ते पाहू. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या अमेरीन आणि विंकलर या दोघांनी १९४४ मध्ये एक हिशेब मांडला, तो अजून वापरात आहे. वेल साधारण दहा अंश सेल्सिअसच्या वर वाढते. म्हणून वाढीच्या काळातल्या प्रत्येक दिवसाचं सरासरी तापमान दहाच्या वर किती आहे ते बघायचं आणि सगळ्या दिवसांची बेरीज करायची. बेरीज सुमारे १,३९०च्या आत राहिली तर तो सगळ्यात थंड, पहिला गट. २,२२०च्या वर गेली तर पाचवा, उष्ण गट. त्यांनी वाढीचे महिने एप्रिल ते ऑक्टोबर धरले, कारण त्यांच्याकडं वेल तेव्हाच हिरवी असते.

हाच हिशेब सांगलीला एप्रिल ते ऑक्टोबर लावला तर बेरीज तीन हजारांच्या पुढं जाते. पाचवा गटही मागं पडतो. पण आपल्याकडं फळाचा हंगाम तो नव्हेच. फळछाटणी ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात. त्या १४० दिवसांची सरासरी २३-२४ अंश धरली तर बेरीज १,९००च्या आसपास येते, म्हणजे तिसऱ्या गटाची वरची कड. एप्रिलात सांगलीची दिवसरात्रीची सरासरी तीस अंशांच्या घरात असते, डिसेंबरात बावीसच्या. फरक आठ अंशांचा. डोंगर चढताना हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश उतरतात, त्या हिशेबानं आठ अंशांसाठी बाराशे मीटर चढावं लागेल. सांगली साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे केवळ कात्रीची तारीख बदलून बागाईतदार आपली बाग महाबळेश्वरच्याही वर नेऊन ठेवतो. हवामानाच्या कोष्टकात न दिसणारी ही थंडी सांगलीकरानं पुस्तक न वाचता हेरली.

आता महाबळेश्वरचाच हिशेब करू. तिथं डिसेंबर-जानेवारीत दिवसाचं कमाल तापमान २४-२५, रात्रीचं १३-१४. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतल्या तशाच १४० दिवसांची बेरीज १,३००च्या आसपास येते, म्हणजे सरळ पहिला गट. नुसत्या आकड्यांवर गेलं तर महाबळेश्वरचा हिवाळा शॅम्पेनच्या पंगतीत बसतो! आकडे इथवरच बोलतात. जून ते सप्टेंबर तिथं साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि वेल काही ऑक्टोबरात उगवून फेब्रुवारीत मरणारं झाड नाही. ती पंधरा-वीस वर्षं एकाच जागी उभी राहते. पावसाळाभर तिची पानं ओली राहणार, मुळं पाण्यात राहणार, जांभ्या दगडाच्या मातीतलं उरलंसुरलं अन्न धुऊन जाणार आणि पाठोपाठ दावण्या हा बुरशीरोग येणार. दावण्याला ओलं पान आणि विशी-पंचविशीतलं तापमान हवं असतं. महाबळेश्वर त्याला चार महिने दोन्ही फुकट पुरवतं.

स्ट्रॉबेरीवाले हा पेच सहज चुकवतात, कारण त्यांचं रोप वर्षाचं असतं. मातृरोपं परदेशातून येतात, त्यांची वाढ पावसाळ्यात वाई वगैरे कमी पावसाच्या भागात होते आणि सप्टेंबरात पाऊस ओसरला की रोपं वर चढतात. पावसाळ्यात शेतात स्ट्रॉबेरी नसतेच, मग भिजणार काय? बारमाही झाडाला ही सोय नसते. इंग्रजांनी १८६०च्या दशकात महाबळेश्वराजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची बाग केली होती, हिवतापावरच्या क्विनाइनसाठी. ती टिकली नाही. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसननं लावलेले सिल्व्हर ओक मात्र टिकले. डोंगरमाथ्यावर काय जगतं याचा निवाडा थंडी नव्हे, पाऊस करतो. आणि २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा डोंगर कापून पायऱ्या पाडण्याची हौसही तिथं भागायची नाही. कास-बामणोलीबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणजे प्रश्न पूर्वेकडं सरकतो. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. इथं दुष्काळ पाचवीला पुजलेला, पण द्राक्षाच्या दृष्टीनं तोच आधार. खानापूरचं पठार किंवा शिखर शिंगणापूरकडचा महादेवाचा डोंगर कृष्णाकाठापेक्षा उंच आहे, वाराही मोकळा आहे. तरी उंचीचा फायदा एक-दीड अंशाचा. त्या एवढ्याशासाठी कुणी बाग हलवणार नाही. इथली खरी कमाई कोरडी हवा आणि मुरमाड जमीन.

जमिनीवर थोडं थांबतो, कारण बाग लावण्यातल्या निम्म्या चुका इथंच होतात. वाळवा-पलूसच्या नदीकाठच्या काळ्या जमिनी उसाला जीव लावतात, पण द्राक्षाला त्या घातक. काळी जमीन पाणी धरून ठेवते, वेल शेंडा थांबवत नाही, काडी पिकत नाही, आणि उसाच्या पाटपाण्यानं क्षारपड झालेल्या पट्ट्यात तर पानांच्या कडाच जळतात. डोंगरसोनी, सावळज, मणेराजुरीच्या बाजूला हलका मुरूम आहे. पाणी तोडलं की आठवड्यात वेलीला कळतं. द्राक्ष बागाईतदाराला असा हुकमी ताण देता येणारी जमीन हवी असते. थंड देशांत हा ताण शरद ऋतू देतो, आपल्याकडं व्हॉल्व्ह बंद करून द्यावा लागतो.

लागवडीची रीत आता ठरून गेलीय. जमीन नांगरून चारी काढायची, शेणखत भरून बोद करायचे, ओळी दक्षिणोत्तर ठेवायच्या. आधी लावायचा तो जंगली खुंट, आपल्याकडं बहुधा डॉगरीज. युरोपानं एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीपायी अमेरिकन खुंट घेतले. आपण ते नव्वदच्या दशकात घेतले ते क्षार आणि पाणीटंचाईपायी. त्याआधीच्या बागा स्वमुळावर होत्या आणि दोन-तीन दुष्काळांत त्यांची दमछाक झाली. खुंट पावसाळ्यात जोर धरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर हव्या त्या वाणाची काडी पाचर पद्धतीनं बांधायची, फेब्रुवारीच्या सुमारास ती परत कापून रिकट घ्यायचा, मग खोड, मग ओलांडे, मग काड्या. पहिला माल दीड-दोन वर्षांनी. डॉगरीज जोमदार आहे. खायच्या द्राक्षाला तो जोम चालतो, पण वाइनच्या द्राक्षात पानंच फार होतात आणि मण्याचा रंग-स्वाद पातळ पडतो. म्हणून तिथं ११० आर सारखा आवरता खुंट बरा. मांडव आणि वाय या वेल चढवण्याच्या दोन रीतींचा वाद मी इथं काढत नाही. गावागणिक त्याचे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष माल काढतात.

वाणांचा इतिहास मात्र सांगायलाच हवा. महाराष्ट्रात पूर्वी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशी बियांची द्राक्षं होती. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमांनी पंढरी साहेबीतून निवडलेली चीमा साहेबी त्याच काळातली. मग थॉमसन सीडलेस आलं आणि बिया असलेलं द्राक्ष बघता बघता मागं पडलं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या थॉमसनमधून वेगळी दिसणारी वेल हेरून वाढवली. ती तास-ए-गणेश. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका दिलं, शरद सीडलेस दिलं. म्हणजे आज ज्याला आपण ‘आपलं द्राक्ष’ म्हणतो ते शेतकऱ्याच्या नजरेनं निवडलेलं आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र नंतरचं, १९९७चं. थॉमसनच्या कुळाचा एक गुण इथं कामाचा ठरतो. हिरवं-पिवळं द्राक्ष असल्यामुळं त्याला रंग भरण्यासाठी थंड रात्री लागत नाहीत. लाल क्रिमसनला लागतात, आणि क्रिमसन लावणाऱ्यांनी त्याची किंमत मोजलीय. मणी मोठा होतो, गोडी भरते, रंग मात्र अर्धा लाल अर्धा हिरवा.

वेलीचं वर्ष आपल्याकडं दोनदा सुरू होतं. थंड देशात पानगळ होते, बर्फात वेल झोपते, वसंतात उठते आणि शरदात फळ देते. आपल्याकडं झोपच नाही. सोडून दिली तर वेल बारमाही हिरवी राहील आणि फळ देईल न देईल. म्हणून एप्रिलात खरडछाटणी. ओलांड्यावर जेमतेम एखादा डोळा राखून सगळं उतरवायचं. भर उन्हात बोडकी बाग पाहून परका माणूस हळहळतो. पण पुढच्या फेब्रुवारीचा घड त्याच उन्हात ठरतो. छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. त्या दिवसांत ऊन मिळालं तर घड, ढग आले तर नुसता वेलताणा. सबकेन करणं, शेंडा खुडणं, फेल काढणं ही सगळी धडपड डोळ्यावर ऊन पडावं आणि काडीचा जोर आवरावा यासाठी. मे महिन्यात वळवाचा मुक्काम लांबला किंवा मॉन्सून लवकर आला, की पुढच्या सालाचं नुकसान जूनमध्येच होऊन गेलेलं असतं. कळतं मात्र ऑक्टोबरात. आता बरेच जण थांबत नाहीत. फळछाटणीच्या आधी बागेतल्या काड्या कापून, ओल्या कापडात गुंडाळून प्रयोगशाळेत नेतात. तिथं ब्लेडनं डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. हिरव्या गराच्या मधोमध एक गोलसर, खडबडीत ठिपका दिसला की तो घड. तळापासून कितव्या डोळ्यात तो आहे हे मोजून काडीवर किती डोळे राखायचे ते ठरतं. पूर्वी हे अंदाजानं व्हायचं आणि अंदाज चुकला तर वर्ष जायचं.

ऑक्टोबरातली छाटणी ही वेलीला ‘हिवाळा संपला’ असं सांगण्याची युक्ती. पण वेलीनं हिवाळा पाहिलेलाच नसतो, त्यामुळं तिचा विश्वास बसत नाही. टोकाचे एक-दोन डोळे फुटतात, बाकीचे पडून राहतात. म्हणून पेस्ट. हायड्रोजन सायनामाईडमध्ये रंग कालवून, छाटणीनंतर एक-दोन दिवसांत, हातमोजे घालून कापडाच्या बोळ्यानं एकेका डोळ्याला लावायची. रंग यासाठी, की कुठला डोळा राहिला ते लांबून दिसावं. पेस्ट लावणाऱ्या मजुरानं त्या दिवशी आणि पुढंही काही दिवस दारूला शिवायचं नाही. हे औषध आणि दारू अंगात एकत्र आली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दवाखाना गाठावा लागतो. ही ताकीद दरसाल द्यावी लागते आणि दरसाल कुठंतरी एखादा ती मोडतो. आठ-दहा दिवसांत डोळे फुगून पोंगा अवस्थेत येतात आणि बाग एकसारखी फुटते. युरोपात तीन महिन्यांचा गारठा जे काम करतो ते इथं बाटलीतून होतं. शेंड्याचा जोर आवरणारं क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं सीसीसी, हेही तसंच. तिकडं गार हवा वेलीला आवरते, इकडं फवारा. २०१०मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले, कंटेनर अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघंही पोळले. थंडीची उधारी अशी कधीकधी परदेशात वसूल होते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की तारखेनं थंडी मिळाली, प्रश्न सुटला. सुटत नाही. थंडी किती मिळते याइतकंच ती घडाच्या आयुष्यात कधी पडते हे महत्त्वाचं. थंड देशात फुलोरा उन्हाळ्याच्या तोंडाला येतो, मणी उन्हाळ्यात वाढतो आणि पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, पिकण्याचा काळ उतरत्या उन्हाचा असतो. गार रात्री मण्यातलं मॅलिक आम्ल जपतात, काळ्या द्राक्षाला रंग देतात. साखर आणि आंबटपणा एकमेकांना सांभाळून राहतात. आपल्याकडं नेमकं उलट आहे. ऑक्टोबरच्या छाटणीत फुलोरा नोव्हेंबरात, मण्याची वाढ डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, आणि पाणी उतरून गोडी भरते ती फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. जेव्हा ऊब हवी तेव्हा थंडी, जेव्हा थंडी हवी तेव्हा ऊन. थंडीत मुळं मंदावतात, फुगवण अडते. भुरी हा दुसरा बुरशीरोग याच दिवसांत पानाच्या आडोशानं पसरते. आणि मार्चच्या उन्हात आम्ल झपाट्यानं उतरतं. खायच्या द्राक्षाला हे चालून जातं. गिऱ्हाइकाला गोडीच हवी असते. वाइन करणाऱ्याला नाही चालत.

लवकर छाटलेल्या बागेची कथा आणखी वेगळी. खानापूर-आटपाडीकडं, पळशी-हिवऱ्याच्या आसपास, जुलै-ऑगस्टात छाटणी घेणारे आगाप बागाईतदार आहेत. नाशिककडं सटाणा-बागलाणात तर जूनपासून कात्री चालते. त्यांचा माल डिसेंबर-जानेवारीत येतो, बाजारात द्राक्ष नसतं, भाव चांगला मिळतो. ते थंडीच्या मागं नसतात, भावाच्या मागं असतात. पण नकळत त्यांचा घड थंडीत पिकतो. हिवाळी पिकण्याची ही रीत आज दक्षिण अमेरिकेत मोठ्या कौतुकाचा विषय आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याच्या दक्षिण भागात, मांतिकेरा डोंगराच्या परिसरात, उन्हाळ्यात धो धो पाऊस आणि हिवाळा कोरडा, म्हणजे जवळपास आपल्यासारखाच प्रकार. तिथल्या सरकारी शेतीसंशोधन संस्थेतले मुरिलो दि अल्बुकेर्क रेजिना यांनी या शतकाच्या सुरुवातीला सिराह वेल दोनदा छाटून पाहिली. दुसरी छाटणी जानेवारीच्या आसपास, ऐन पावसात. फुलोरा ओल्यात जातो, तो फवारण्यांनी तगवायचा, पण द्राक्ष जुलै-ऑगस्टच्या कोरड्या थंडीत पिकतं. आज त्या भागात हिवाळी वाइनचा धंदाच उभा राहिलाय. दुहेरी छाटणी ही त्यांना नवलाई वाटली. तासगावच्या कोणत्याही गड्याला ती बापजाद्यांपासून ठाऊक आहे. फरक एवढाच, की त्यांनी तारीख पिकण्याच्या थंडीवरून मागं मोजत ठरवली आणि आपण पाऊस चुकवण्यावरून.

आपल्याकडं पाऊस चुकवण्याला कारणही तसंच आहे. आपल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, परतीचा. नेमकं तेव्हा घड पोंग्यातून बाहेर येत असेल तर घड जिरतो, फुलोऱ्यात असेल तर गळ आणि कूज. २००९च्या नोव्हेंबरातल्या अवकाळीनं दावण्याचा असा हल्ला झाला, की त्या सालचं राज्याचं उत्पादन कोसळलं. २०१९ मध्ये ऑगस्टात कृष्णेच्या महापुरानं पलूस-मिरजेचा काठ बुडाला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसानं दुष्काळी पट्ट्यातल्या बागा झोडपल्या. अशा एका सालानंतर कुणी ‘अजून महिनाभर आधी छाट’ असं सांगितलं तर बागाईतदार ऐकून घेईल, पण करणार नाही. करायचं झालं तर औषधाच्या फेऱ्या दीडपट, मजुरी दीडपट, आणि तरी झोप नाही.

शिवाय थंडीत पिकणाऱ्या पांढऱ्या द्राक्षाचंही एक दुखणं आहे. रात्रीचा पारा आठ-नऊच्या खाली गेला, दिवस-रात्रीत मोठी तफावत पडली, की पाणी उतरलेल्या थॉमसनच्या किंवा तास-ए-गणेशच्या मण्यावर गुलाबी छटा चढते. चवीत काही बिघाड नाही, पण व्यापारी फिरकत नाही. नाशिकला निफाडच्या बाजूला हा त्रास मोठा. तिथं पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. सांगलीला कमी, पण डोंगरकडेच्या बागांना ठाऊक आहे. उपाय साधा आणि जिकिरीचा आहे. एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, एकेका वेलीवर तीस-चाळीस घड, वरून पिन मारायची. जानेवारीत बाहेरून बागेत डोकावलं तर द्राक्ष दिसतच नाही, नुसते लोंबते मथळे दिसतात. जी थंडी काळ्या वाइन द्राक्षाला सोन्यासारखी, तीच पांढऱ्या बाजारी द्राक्षाला डाग. तेव्हा ‘थंड हवेची बाग’ लावणाऱ्यानं आधी ठरवायचं ते वाण आणि गिऱ्हाईक. हवा त्यानंतर.

वाइनचं गिऱ्हाईक इथं एकदा आणून पाहिलं गेलंय. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, करसवलती आल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क जाहीर झाले. कृष्णा व्हॅली वाइन पार्क हे नावही झोकदार. नाशिकचं गाडं पुढं गेलं, पलूसचं रखडलं. बरेच जण त्याचा दोष हवेला देतात. नाशिकच्या रात्री सांगलीपेक्षा गार आहेत हे खरं, पण मला ते अर्धंच कारण वाटतं. नाशिक मुंबईच्या जवळ, तिथं द्राक्षमळा बघायला माणूस पैसे देऊन येतो. पलूसला कोण येणार? आणि मोठं कारण म्हणजे वाइनच्या द्राक्षाला दुसरी वाट नसते. बारीक मणी, जाड साल, आत बी. वाइनरीनं उचललं नाही तर ते कुणी खात नाही, वाळवूनही विकलं जात नाही. २००८-०९च्या मंदीत मागणी आटली आणि करार करून लावलेल्या बागा शेतकऱ्यांनी उपटल्या. त्याच सांगलीत थॉमसनवाल्याचा भाव पडला तरी तो माल शेडवर चढवू शकतो. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायचा निर्णय झाला, त्यावर जो गदारोळ उठला आणि तो निर्णय जसा गुंडाळला गेला, ते पाहता पलूसचं नशीब केवळ अंश सेल्सिअसवर ठरत नव्हतं.

शेडवर चढवणं म्हणजे बेदाणा. तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि पुढं पंढरपूरपर्यंत फेब्रुवारीपासून माळावर जाळ्यांच्या कप्प्यांची लांबलचक शेड दिसतात. लिटर पाण्यात १५ मिली डिपिंग ऑइल आणि २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, त्यात घड बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर मोडतो आणि सावलीत पंधरा-वीस दिवसांत मणी सुकतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या धंद्याला हवी असते उष्ण, कोरडी, वाहती हवा. म्हणजे जो मार्च वाइनवाल्याचं आम्ल खातो तोच बेदाणेवाल्याचं पोट भरतो. जिल्ह्याची हवा थंड झाली तर सगळ्यात आधी हीच शेडं बसतील. त्यामुळं सांगलीच्या बहुसंख्य बागाईतदाराला थंड हवेची बाग नकोच आहे. त्याला पाऊस नसलेला नोव्हेंबर आणि कडक मार्च हवा, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मग प्रयोगाची जागा कुठली? माझं बोट माण-खटावच्या पूर्व भागाकडं आणि खानापूरच्या पठाराकडं जातं. माणच्या हद्दीपलीकडं, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज-माळशिरसच्या माळावर, मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदारांनी मिळून फ्रातेल्ली या वाइनरीच्या बागा उभ्या केल्या. पिएरो मासी हे इटालियन वाइनतज्ज्ञ त्यांच्याकडं होते. सांजोवेझे, शार्दोने, कॅबर्ने ही वाणं त्या उन्हात वाढतात आणि वाइन देशभर विकली जाते. तिथली जागा काही थंड नाही. उंचीनं तर खानापूरचं पठार तिच्यापेक्षा सरस आहे. पाण्याचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिला नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी सांगलीचा पूर्व भाग आणि जिहे-कठापूरनं खटाव-माणचा भाग ओलिताखाली येऊ लागलाय. एकेकाळी याच भागात बागा जगवायला टँकर लागायचे, खोडाभोवती उसाचं पाचट अंथरून एकेक घोट राखला जायचा. आता पाणी आलंय तर त्याच्या मागं ऊसही येईल, ही धास्ती निराळीच.

तिथं अर्ध्या एकरावर, वाइनच्या काळ्या वाणाची, ११० आर वर, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छाटलेली बाग उभी करायची, तिच्यावर प्लास्टिकचं छत घालायचं, आणि द्राक्ष जानेवारीत पिकवायचं. छताचा खर्च एकरी काही लाखांत जातो, सरकारी अनुदान धरूनही. छताखाली दुपारी एक-दोन अंश ऊब वाढते, ऊन कमी पडतं, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये ते गुंडाळून ठेवणं भाग, नाहीतर डोळ्यात घडच बसणार नाही. जोराचा वारा आला की कागद फाटावा तसं ते फाटतं. पण दावण्याची निम्मी लढाई छत लढतं, आणि सप्टेंबरचा पाऊस हीच आगाप छाटणीतली एकमेव मोठी अडचण होती. जानेवारीत मण्यातली साखर २३ ब्रिक्सच्या पुढं गेली आणि आम्ल टिकून राहिलं, तर तो माल घेऊन वाइनरीच्या दारात भाव मागता येईल. तो करार मात्र खुंट लावायच्या आधी झालेला असावा, तोही एकाच वाइनरीशी नको.